‘संक्रांत येणे’ आणि पानिपत

जानेवारीत थंडीनं रावेर-यावलच्या केळीची पानं पिवळी पडू लागली की ‘केळीवर संक्रांत’ हे शब्द जळगावभर ऐकू येतात. सोबत व्हॉट्सॲपवर जुना मेसेजही फिरतो: पानिपत संक्रांतीला झालं, म्हणून संकटाला संक्रांत म्हणतात.

हे खरं नाही. लढाई १४ जानेवारी १७६१ ची, पौष शुद्ध अष्टमीची. पण संक्रांत १४ तारखेला बांधलेली नाही, ती हळूहळू पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी संक्रांत होती! त्याच्याही शंभर वर्षं आधी ती आणखी लवकर, दहा तारखेच्या आसपास येत असे. म्हणजे भाऊसाहेब पेशवे रणात उतरले तेव्हा संक्रांत होऊन गेली होती.

या वाक्प्रचाराचं मूळ पंचांगातच आहे. तिथे संक्रांत ही देवी. तिचं वाहन, वस्त्र, हातातलं शस्त्र, ती कुठून येते, कुठे पाहते, सगळं दर वर्षी छापलेलं असतं. ती जे धारण करते ते महागतं, जिकडे जाते तिकडे पीडा, ही जुनी समजूत. म्हणून ‘अमक्यावर संक्रांत आली’.

निवडणुकीत पक्षाचं ‘पानिपत झालं’ म्हणतात, तो वाक्प्रचार मात्र थेट त्या रणांगणावरून आलेला आहे.