मातीच्या गोळीची सावली आणि चंद्राची सावली

दहा किलोमीटर उंचीवरून विमान जातं. आवाज येतो, पांढरी रेघ दिसते, पण त्याची सावली अंगावरून सरकून गेल्याचं कुणाला आठवतं का? आठवणार नाही, कारण ती गडद सावली जमिनीपर्यंत पोचतच नाही. सावलीलाही लांबी असते आणि ती हवेतच संपते. मुलांना ग्रहणं शिकवायची तर सुरुवात इथूनच करावी, असं मला मनापासून वाटतं.

एक सेंटिमीटर जाडीची मातीची गोळी घ्या, सुईला टोचा आणि उन्हात पांढऱ्या कागदासमोर धरा. कागद सूर्याकडे तोंड करून सरळ धरायचा, नजर मात्र कागदावरच. जवळ असताना सावली काळीभोर, रेखीव. अर्ध्या मीटरवर काळा ठिपका निम्मा होतो आणि त्याभोवती धुरकट कडा पसरते. सव्वा मीटरवर काळा ठिपका गायब, उरतो नुसता फिकट डाग.

असं होतं, कारण सूर्य हा ठिपका नसून थाळी आहे. गोळीच्या मागे जिथून ही थाळी पूर्ण झाकली जाते, ती जागा शंकूसारखी निमुळती होत जाते. ती प्रच्छाया. जिथून थाळीचा काही भाग दिसतो, ती उपच्छाया. सूर्याचा व्यास सुमारे १३ लाख ९२ हजार किलोमीटर आणि अंतर १५ कोटी, म्हणजे व्यासाच्या साधारण १०८ पट. म्हणून कुठल्याही चेंडूची प्रच्छाया त्याच्या व्यासाच्या १०८ पटींवर संपते. (या आकड्यात गूढ शोधू नका. पृथ्वी सूर्याच्या जवळ-लांब होते, तसा तो वर्षभरात १०६ ते १०९ असा बदलतो.)

आता गोळीच्या जागी चंद्र ठेवा. व्यास ३,४७४ किलोमीटर, म्हणून सावली सुमारे पावणेचार लाख किलोमीटर. आणि चंद्राचं पृथ्वीपासूनचं अंतर? साधारण ३ लाख ५७ हजार ते ४ लाख ६ हजारांच्या दरम्यान! म्हणजे सावलीचं टोक पृथ्वीला कधी जेमतेम टेकतं, कधी वरच संपतं. टेकलं तर खग्रास ग्रहण, तेही अरुंद पट्ट्यातच. २ ऑगस्ट २०२७ ला इजिप्तमध्ये लक्झरजवळ ते सहा मिनिटांहून जास्त दिसेल. टोक कमी पडलं तर कंकणाकृती.

पृथ्वीची सावली मात्र जवळजवळ १४ लाख किलोमीटर लांब. चंद्राच्या अंतरावर तिची रुंदी ९,२०० किलोमीटर, म्हणून चंद्र तिच्यात तासभर सहज बुडून राहू शकतो. पण चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली असल्याने बहुतेक पौर्णिमांना तो सावलीच्या वरून किंवा खालून निसटतो.

चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, हा समज मोठ्यांमध्येही आढळतो. अष्टमीचा चंद्र बघा. त्याची कड सरळ रेषेत कापलेली असते. गोल पृथ्वीची सावली अशी सरळ कड कधीच पाडणार नाही. तो चंद्राचा स्वतःचाच अंधारा भाग असतो.

ग्रहणात सूर्यातून वेगळे घातक किरण निघतात, हेही खोटं. सूर्य रोजचाच असतो, फक्त त्याच्याकडे रोज कुणी टक लावून बघत नाही. म्हणून खास चष्म्याशिवाय बघायचं नाही. कंकणाकृती ग्रहण तर झाडाखाली, जमिनीकडे बघूनही दिसतं. पानांच्या फटींतून एरवी गोल कवडसे पडतात, त्या काही मिनिटांत तिथे बारीक बारीक बांगड्या पडलेल्या असतात.