मालदांडी तगते, मेथी माना टाकते

आमच्या मामांनी सोलापूरच्या पूर्व भागात तीस वर्षं यंत्रमाग चालवला. गेल्या वर्षी त्यांना हार्ट अटॅक येऊन गेला. इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, कागदावर 'ईएफ ३० टक्के' लिहिलेलं. ईएफ म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते. मामा म्हणाले, "पंपिंगचं कळलं की. पण ठोकाच एकदम बिघडला तर? ते ह्यात कुठं दिसतंय?"

प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. इकोत स्नायूची हालचाल दिसते. ठोक्याचा वेग वाढवणारे सिम्पथेटिक मज्जातंतू दिसत नाहीत. आणि रक्त कमी पडलं की आधी तेच जातात. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी जमिनीतल्या ओलीवर तग धरते, पण मेथीची पाण्याची एक पाळी चुकली की ती माना टाकते. तसंच इथे. मेलेल्या स्नायूभोवती एक पट्टा उरतो, ज्यातला स्नायू जिवंत आहे पण तंतू गेलेत. रक्तातल्या अ‍ॅड्रेनलिनने तो पट्टा नको इतका चेतवला जातो, शेजारचा भाग आपल्याच चालीने चालतो, आणि दोघांचा मेळ सुटला की लय फिसकटते.

हे तंतू बघायची युक्ती मला फार आवडते. तंतूचं टोक हृदयाला चेतवणारं रसायन, नॉरअ‍ॅड्रेनलिन सोडतं आणि उरलेलं परत ओढून घेतं. त्याच्यासारखाच, पण किंचित किरणोत्सारी पदार्थ शिरेतून दिला की जिवंत टोकं तोही ओढतात. कॅमेऱ्यात ती जागा उजळते, बाकीची काळी राहते. एमआयबीजी हा असा एक पदार्थ. त्यातलं किरणोत्सारी आयोडीन-१२३ सुमारे १३ तासांत निम्मं होतं. एचईडी हा पेट स्कॅनसाठीचा दुसरा पदार्थ जास्त बारकाईने दाखवतो, पण त्यातला किरणोत्सारी कार्बन-११ २० मिनिटांतच निम्मा होतो. पुण्यात बनवून चार तासांत सोलापूरला आणलं, तर तीन हजारावा भागही हाती लागणार नाही. त्यासाठी सायक्लोट्रॉन, म्हणजे हा कार्बन बनवणारं यंत्र, दवाखान्याजवळच हवा.

अमेरिकेत बफेलोच्या डॉक्टरांनी रक्तपुरवठा घटून हृदय कमजोर झालेल्या २०४ रुग्णांचं असं स्कॅनिंग केलं. निष्कर्ष २०१४ मध्ये आले. सुमारे चार वर्षांत ३३ जणांचं हृदय अचानक थांबलं किंवा डिफिब्रिलेटरच्या (छातीत बसवलेल्या, ठोका लयीत आणणाऱ्या यंत्राच्या) विजेच्या झटक्याने सावरलं. मेलेल्या स्नायूच्या आकारावरून हे आधी ओळखता आलं नाही. तंतू किती गेलेत, यावरून आलं.

डिफिब्रिलेटर कुणाला बसवायचा, हे आजही मुख्यतः ईएफ ३५ टक्के किंवा त्याहून कमी आहे का, यावरच ठरतं. मामा त्यात बसतात, त्यांना तो सांगितलाय. ज्यांचा ईएफ ४० आहे आणि तंतू मात्र गेलेत, त्यांची मला जास्त काळजी वाटते.