सकस खाणं महाग? हिशेब कुठे चुकतो

सकस, कमी प्रक्रिया केलेलं अन्न खिशाला परवडत नाही, असं वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते सरसकट खरं नाही. लोक किलोचा भाव बघतात; बघायचं ते ताटात किती पडतं. १०० ग्रॅम कोरडा राजमा भिजून, शिजून साधारण २५० ग्रॅम होतो. डबाबंद राजम्याच्या वजनात मात्र पाणी आधीच धरलेलं असतं. (भिजवल्याचं पाणी टाकून राजमा निदान १० मिनिटं खळखळून उकळा, मग मऊ शिजवा. अर्धाकच्चा राजमा खरंच पोट बिघडवतो.)

पैसे जातात ते नासाडीत. सगळंच घाऊक भरलं की बचत होते, हाही तितकाच पक्का गैरसमज. पांढरा तांदूळ कोरड्या, हवाबंद डब्यात वर्षानुवर्षं टिकतो. हातसडीच्या तांदळात कोंड्यातलं तेल असतं, ते काही महिन्यांत खवट होतं. अख्ख्या धान्याच्या पिठाचंही तेच, म्हणून पीठ थोडंथोडंच आणा. दळलेली जवस फ्रीजमध्येच ठेवा.

आणि फ्रोझन मटाराला नाक मुरडू नका. गोठवण्याआधी गरम पाण्यातून काढताना त्यातलं क जीवनसत्त्व थोडं घटतं, हे खरं. पण ताजी भाजी चार दिवस पडून राहिली तर तिच्यातलंही घटतच असतं.