स्टिरिओ गिटार रॅक घरी नेल्यावर

रॅक (प्रीॲम्प, प्रोसेसर आणि पॉवर ॲम्प एकत्र बसवलेली पेटी) ताब्यात देताना आम्ही सगळ्या केबल लावून, वाजवून दाखवतो. तरी पहिल्या कार्यक्रमानंतर फोन येतोच: "आवाज एकाच बाजूने येतोय" किंवा "स्टिरिओ काही जाणवत नाही." बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असते. घाईत सुटलेली केबल भलत्याच सॉकेटमध्ये गेलेली असते, एवढेच. म्हणून हा कागद रॅकच्या मागच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा.

एकाचे दोन कुठे होतात?

गिटार मोनो, म्हणजे एकाच वाटेची; तिचा आवाज आधी वाढवणारा प्रीॲम्पही मोनो. डावा-उजवा हा भेद सुरू होतो तो पहिल्या स्टिरिओ प्रोसेसरच्या (आवाजावर डिले, रिव्हर्बसारखे परिणाम चढवणाऱ्या मशीनच्या) आउटपुटपासून. तिथून स्पीकरपर्यंत दोन्ही वाटा वेगळ्याच राहायला हव्यात. घोळ होतो तो दुसऱ्या प्रोसेसरपाशी. मागे दोन इनपुट दिसले की आपण निर्धास्त होतो. पण कित्येक जुन्या प्रोसेसरांत ते दोन्ही आत एकत्र होतात आणि मगच रिव्हर्ब (घुमारा) तयार होतो. डिलेने (प्रतिध्वनीने) डावी-उजवीकडे टाकलेले ठोके मग मधोमध गोळा होतात. लेक्सिकॉनच्या पीसीएम ७० ला तर इनपुटच एक आहे. असे मशीन साखळीत शेवटी लावू नका.

तपासायचे कसे? पहिल्यावर पिंगपाँग डिले (आळीपाळीने डावी-उजवीकडे पडणारे ठोके) लावा, दुसऱ्याचा मिक्स (परिणामाचे प्रमाण) १०० टक्के करा आणि दुसऱ्याचा आवाज हेडफोनवर ऐका. ठोके इकडून तिकडे फिरले, तर दुसरा प्रोसेसर खरोखर स्टिरिओ आहे.

एक इनपुटवाली मशीन दोन-तीन असतील, तर आमचा सल्ला लाइन मिक्सरचा, म्हणजे अनेक आवाज एकत्र करणाऱ्या मशीनचा. कोरा (परिणाम न चढवलेला) आवाज मिक्सरमधून थेट जातो, प्रोसेसर बाजूला समांतर लागतात. अट एकच: प्रत्येक प्रोसेसरचा मिक्स १०० टक्के, कोरा आवाज त्यातून अजिबात यायला नको. डिजिटल मशीनमधून तो किंचित उशिरा बाहेर पडतो. हा उशीर फक्त १ मिलिसेकंद असला, तरी मूळ आवाजात मिसळताना ५०० हर्ट्झ, १५०० हर्ट्झ असे पट्टे कापले जातात आणि गिटार नळीतून आल्यासारखी पोकळ लागते.

लेव्हलचे बटण पाठीमागे असते. +४ (जोरदार) आणि −१० (हलकी) या दोन ठरलेल्या लेव्हल; त्यांत सुमारे १२ डेसिबलचा फरक पडतो. एक मशीन फाटतेय आणि दुसरे कुजबुजतेय असे झाले, की आधी तेच बघा. गिटार थेट रॅकच्या लाइन इनपुटला लावू नका. पिकअपला साधारण १ मेगाओमचे इनपुट लागते, नाहीतर वरचे सूर बसतात.

कॅबिनेट आणि मांडव

मार्शल १९६०ए सारखे कॅबिनेट (स्पीकरची पेटी) स्टिरिओवर टाकले, की प्रत्येक बाजू ८ ओमची होते. पॉवर ॲम्पही ८ ओमवरच ठेवा. खरे सांगायचे तर एकाच कॅबिनेटमधला स्टिरिओ दहा फुटांवर विरून जातो. जमल्यास दोन न्या आणि लांब ठेवा. स्पीकरला स्पीकरचीच केबल लावा, गिटारची नव्हे. व्हॉल्व्हचा ॲम्प स्पीकर न जोडता चालू करू नका.

उत्सवाच्या मांडवात पीए (श्रोत्यांसाठीची ध्वनियंत्रणा) बहुधा मोनोच मिळतो. साउंडवाल्याने एकच लाइन मागितली, तर शेवटच्या प्रोसेसरच्या डाव्या आउटपुटमधून द्या. बऱ्याच मशीनमध्ये उजवे सॉकेट रिकामे असले, की डाव्यातून दोन्ही बाजू एकत्र मिळतात. रिकामे! त्यात दुसऱ्या टोकाला न जोडलेली केबल खोचून ठेवली, तर अर्धे ठोके गायब. एका बाजूला १०–१५ मिलिसेकंद उशीर देऊन आवाज रुंद केला असेल, तर मोनोत तो बिघडतो. डीट्यूनने (एका बाजूचा सूर किंचित हलवून) केलेला निदान कोरससारखा तरी लागतो.

हम आली, तर

सगळ्या मशीनची वीज एकाच बोर्डवरून घ्या. तरीही ५० हर्ट्झची घरघर राहिली, तर दोन ॲम्पमधल्या ऑडिओ लाइनवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावावा लागेल. प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून हम घालवण्याचा उपाय कोणी सुचवला, तर ऐकू नका. शॉकने जीव जाऊ शकतो. अमेरिकेहून आणलेल्या १२० व्होल्टच्या मशीनला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो.

फूटकंट्रोलरवर (पायाने आवाज बदलायच्या पट्टीवर) १ दाबल्यावर २ नंबरचा आवाज आला, तर ते बिघाडात धरू नका: काही मशीन ० पासून मोजतात, काही १ पासून.

दुरुस्तीला येताना पाठीमागच्या जोडणीचा फोटो काढा आणि केबल न सोडवता अख्खा रॅक आणा. सुटे मशीन आमच्या टेबलावर हमखास नीट चालते.