जरब, बट्टा आणि दुदांडी: नाणेसंग्राहकांच्या बोलीमागचा इतिहास

नाण्यांच्या प्रदर्शनात पहिल्यांदा गेलेल्या माणसाला विक्रेत्याचे बोलणे अर्धेच कळते. ‘जर्ब पूर्ण आहे, पण जुलूस सन कटलाय, आणि मागे सराफी ठसा आहे.’ शब्द ओळखीचे वाटतात, अर्थ हाती लागत नाही. ही बोली अभ्यासकांनी बसून घडवलेली नाही. तिचा बराचसा भाग टांकसाळीतल्या हातोड्यापाशी आणि सराफाच्या पेढीवर तयार झाला आहे.

सुरुवात ‘रुपया’पासूनच करू. पाणिनीच्या एका सूत्रात ‘रूप्य’ हा शब्द ‘आहत’, म्हणजे ठोकून उमटवलेल्या रूपासाठी येतो. ज्यावर रूप ठोकले ते रूप्य. शेरशाह सूरीने सोळाव्या शतकात सुमारे १७८ ग्रेन (साधारण साडेअकरा ग्रॅम) वजनाचे चांदीचे नाणे पाडले तेव्हा त्याला हेच जुने नाव मिळाले. भारतातल्या सर्वांत प्राचीन, अनेक छोटी चिन्हे स्वतंत्रपणे ठोकलेल्या चांदीच्या तुकड्यांना अभ्यासक ‘आहत नाणी’ म्हणतात, तोही हाच धागा. ‘नाणे’ आले ‘नाणक’वरून. कुषाणांच्या नाण्यांवरील नना देवीशी त्याचा संबंध जोडणारे एक मत आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत खोटे नाणे करणाऱ्याच्या जोडीला ते चुकीचे पारखणाऱ्यालाही दंड सांगितला आहे. म्हणजे पारख हा तेव्हाही जोखमीचा धंदा होता.

मुघल नाण्यांवरचा ‘जर्ब’ म्हणजे घाव. त्याच्यापुढे टांकसाळीचे नाव येते: अमुक ठिकाणी ठोकले. मराठीत ‘जरब बसवणे’ म्हणतो ती जरब हीच. ठसा अनेकदा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे मजकुराचा काही भाग बाहेरच राही. म्हणून संग्राहक गावाचे नाव पूर्ण उतरलेल्या नाण्याला जादा पैसे मोजतो. ‘जुलूस सन’ म्हणजे राजा गादीवर बसल्यापासूनचे वर्ष, आणि या आकड्यावर बाजाराचे बरेच काही अवलंबून असे. बंगालमध्ये चालू सालाचा रुपया पूर्ण किमतीला चाले. साल उलटले की त्यावर बट्टा, म्हणजे कपात. चांदी तीच, तरी भाव कमी! अखेर कंपनी सरकारने मुघल बादशहा शाह आलमचे १९ वे वर्षच नाण्यांवर कायम केले. त्यामुळे पुढची कित्येक दशके पाडलेल्या रुपयांवर तेच १९ दिसते, आणि नवखा संग्राहक ती सगळी एकाच वर्षाची समजून बसतो. नावाला बट्टा लागतो म्हणताना आपण याच पेढीवरचा शब्द वापरतो.

पेशवाईत तर चांदवडी, अंकुशी असे नाना तऱ्हेचे रुपये एकाच बाजारात फिरत, बहुतेकांवर नाव मात्र मुघल बादशहाचे. सरकारी भरण्यातले नाणे तपासणारा तो पोतदार. गावात हे काम सोनाराकडे असे. रुपया दगडावर वाजवायचा: खणखणीत वाजला तर खरा, बद्द वाजला तर खोटा. शंका असेल तर छोटा ठसा, म्हणजेच सराफी ठसा, किंवा छिन्नीची खूण. ज्या खुणेने तेव्हा नाण्याची खात्री पटे, तीच आज त्याची किंमत उतरवते. १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात १८० ग्रेनचा एकसारखा रुपया आला आणि पोतदाराचे काम हळूहळू ओसरले. आडनाव राहिले.

नाण्यावर पुन्हा ठसा मारण्याची मोठी कहाणी नाशिक जिल्ह्यातली आहे. जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा १३ हजारांहून मोठा साठा सापडला. त्यांतल्या दोनतृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारला होता. खाली नहपानाचा चेहरा अजून डोकावतो. ‘पुनर्मुद्रांकित’ या जड शब्दामागे एका राजाने दुसऱ्याला पुसल्याचा पुरावा आहे.

इंग्रजी शब्द सर्वांत उशिरा आले. ‘ग्रेडिंग’ची, म्हणजे नाण्याचा दर्जा ठरवण्याची, १ ते ७० ही मोजपट्टी अमेरिकेतल्या विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली. कल्पना अशी की ७० दर्जाचे नाणे १ दर्जाच्या सत्तरपट किमतीचे. तो हिशेब लवकरच मोडला, आकडे तेवढे जगभर पसरले. शिवराईला मात्र ही पट्टी नीट बसत नाही. हाताने ठोकलेले तांबे, वेडीवाकडी चकती, ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे प्रत्येक नाण्यावर निराळ्या वळणाची. मजकुरामध्ये दोन आडव्या रेघा असतील तर ती ‘दुदांडी’. जाणता गिऱ्हाईक शिवराई हातात घेतल्यावर दर्जाचा आकडा विचारत नाही. ‘श्री’ पूर्ण उतरला आहे का, ते पाहतो.