समन्वयक कोण आणि मॉडरेटर कोण? ऑनलाइन प्रशिक्षणातली दोन वेगळी कामं

ऑनलाइन प्रशिक्षणाचा आदेश निघतो तेव्हा त्यात ‘समन्वय व मॉडरेशन’ अशी जोडीच येते आणि पुढे एकच नाव असतं. वाचणाऱ्यालाही वाटतं की काम एकच आहे, शब्द दोन वापरलेत इतकंच. पण या दोन कामांना लागणारा वेळ निराळा, स्वभाव निराळा आणि ती बिघडली तर होणारं नुकसानही निराळं. शिक्षक-प्राध्यापकांच्या प्रशिक्षणांत हा घोळ सगळ्यात जास्त दिसतो, म्हणून उदाहरणं तिथलीच घेतो.

आधी थोडक्यात फरक सांगतो. समन्वयक माणसाला कोर्सपर्यंत आणतो, वाटेत अडू देत नाही आणि शेवटच्या प्रमाणपत्रापर्यंत त्याची नोंद सांभाळतो. मॉडरेटर कोर्समध्ये आलेल्या माणसांचं आपसातलं बोलणं सांभाळतो. समन्वयकाला विचारायचा प्रश्न ‘किती जण पोहोचले?’, तर मॉडरेटरला विचारायचा प्रश्न ‘पोहोचलेले एकमेकांकडून काय शिकले?’

समन्वयकाचा दिवस

2019 साली ‘निष्ठा’ हे केंद्राचं शिक्षक प्रशिक्षण सुरू झालं ते समोरासमोर. कोविडमध्ये, ऑक्टोबर 2020 पासून, ते ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण-पोर्टलवर ऑनलाइन आलं. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 ने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे, त्यामुळे हा ओघ आता थांबणारा नाही. डाएटपासून (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) केंद्रप्रमुखांपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला समन्वय येतोच.

त्या माणसाच्या टेबलावर काय असतं? याद्या. कोणत्या शाळेतले किती शिक्षक, कोण नव्याने बदलून आलं, कोण प्रसूती रजेवर आहे, कुणाचा ई-मेल चुकीचा नोंदवला गेलाय. मग तारखा, लिंक, बॅच, स्मरणपत्रं. त्यानंतर तांत्रिक गाऱ्हाणी, आणि ही फार थोड्या प्रकारची असतात. ‘सगळे व्हिडिओ पाहिले तरी प्रगती शंभर टक्के दिसत नाही’ हे पहिलं. बहुतेक वेळा मधलं एखादं पान उघडायचं राहिलेलं असतं किंवा प्रगती सिंक झालेली नसते. दुसरं, एकाच शिक्षकाची दोन खाती: एक मोबाइल नंबरवरून काढलेलं, दुसरं गुगलवरून. निम्मा कोर्स एका खात्यात, निम्मा दुसऱ्यात. खाती एकत्र करण्याची सोय आहे, पण ती सांगायला कुणीतरी लागतं. तिसरं, चाचणी. ‘निष्ठा’च्या चाचणीत प्रमाणपत्रासाठी 70 टक्के लागतात आणि संधी तीनच. दोन संधी घाईत घालवून बसलेल्या शिक्षकाला तिसरीच्या आधी ‘थांबा, घटक पुन्हा वाचा’ असं सांगणारा समन्वयक त्याचं खूप मोठं काम करून जातो.

नावांचा प्रश्न तर कायमचा. प्रोफाइलमध्ये जे नाव असेल तेच प्रमाणपत्रावर उमटतं. सेवापुस्तकात सासरचं नाव, प्रोफाइलवर माहेरचं. कुठे वडिलांचं नाव आहे, कुठे नाही. कुठे आडनाव आधी. चांगला समन्वयक कोर्स सुरू होण्याच्या आधीच सगळ्यांना एक साधा निरोप धाडतो: सेवापुस्तक उघडा, त्यातलं नाव आणि प्रोफाइलवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळवून पाहा. हे क्षुल्लक वाटेल, पण महाराष्ट्रात 12 वर्षांनी मिळणारी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि 24 वर्षांनी मिळणारी निवड श्रेणी प्रशिक्षणाशी बांधलेली आहे, आणि 2022 मध्ये ते प्रशिक्षण ऑनलाइनच झालं. नोंदीतली चूक थेट पगारापर्यंत जाते. म्हणून समन्वयाला कुणी ‘कारकुनी’ म्हटलं की मला राग येतो.

मॉडरेटर काय करतो

‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठावरच्या कोर्सची रचना चार भागांची असते: व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि शंकानिरसनासाठी चर्चा. चर्चा हा त्यातला पूर्ण चौथा भाग आहे, पण पुढे गुणांत तिचं काय होतं ते पाहा. त्यावरच्या एनपीटीईएलच्या, म्हणजे आयआयटी-आयआयएस्सीच्या उपक्रमाच्या, कोर्समध्ये अंतिम गुणांपैकी 25 टक्के असाइनमेंटचे आणि 75 टक्के परीक्षेचे. चर्चेचे शून्य. ज्याला गुण नाहीत त्याला वेळही मिळत नाही, आणि ते सांभाळायला माणूस नेमण्याचं तर कुणाच्या मनातही येत नाही.

मग चर्चेत काय उरतं हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. ‘खूप छान माहिती सर’, ‘अतिशय उपयुक्त, धन्यवाद’, हात जोडलेले दोन इमोजी. लिहिणारे खोटं बोलत नसतात. समोर वरिष्ठ आहेत, पुढे काय लिहायचं ते कळत नाही, आणि काहीतरी लिहिल्याची नोंद तर व्हायला हवी. एकाने असं लिहिलं की पुढचे पन्नास तसंच लिहितात.

मॉडरेटरचं काम इथे सुरू होतं. समजा, पहिली-दुसरीच्या मुलांचं वाचन कसं तपासता, असा प्रश्न चर्चेला दिलाय. धन्यवादांच्या रांगेत नंदुरबारच्या एका शिक्षिकेची दोन ओळींची नोंद आहे: माझ्या वर्गातली मुलं पावरी बोलतात, मराठी धडा घडाघडा वाचतात, पण अर्थ विचारला की गप्प. अनुभवी मॉडरेटर या नोंदीवर थांबतो. तो उत्तर देत नाही, एक प्रश्न विचारतो: ‘तोच अर्थ पावरीत सांगायला सांगितलात तर मुलं सांगतात का?’ शिक्षिका दोन दिवसांनी वर्गात करून पाहते आणि लिहिते की काही मुलं सांगतात, काही नाही. आता तपासणी खरी सुरू झाली, कारण मुलाला वाचलेलं कळत नाही की कळलेलं मराठीत मांडता येत नाही, हे वेगळं काढता येतंय. मॉडरेटर मग गडचिरोलीच्या शिक्षकाला नावाने बोलावतो: ‘सर, तुमच्या वर्गात माडिया बोलणारी मुलं आहेत असं तुम्ही ओळख करून देताना लिहिलं होतं. तुम्ही काय करता?’ तिसरा माणूस स्वतःहून येतो. आठवड्याच्या शेवटी मॉडरेटर आठ-दहा ओळींचा गोषवारा लिहितो, कुणाचा मुद्दा कुणाचा ते नावानिशी सांगतो आणि न सुटलेला प्रश्न पुढच्या आठवड्यात नेतो.

इतकंच काम. पण त्यासाठी पन्नास नोंदी वाचाव्या लागतात, त्यातली कामाची ओळखण्यापुरता विषय कळावा लागतो, आणि उत्तर ओठांवर असताना ते मागे ठेवण्याचा संयम लागतो. शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड. तज्ज्ञाने उत्तर दिलं की चर्चा तिथेच संपते, कारण तज्ज्ञांच्या पुढे आपल्याकडे कुणी बोलत नाही.

दुसरा भाग सुकाणूचा. शिक्षकांच्या कोणत्याही चर्चेत बदल्या, जुनी पेन्शन, अशैक्षणिक कामं हे विषय येतात. यायलाच हवेत, ती त्यांची खरी दुखणी आहेत. अशा नोंदी पुसून टाकणं म्हणजे मॉडरेशन, असा एक समज आहे. पुसल्याने माणसं दुखावतात आणि मग मूळ विषयावरही लिहीत नाहीत. ‘हा मुद्दा महत्त्वाचा आहे, त्यासाठी वेगळा धागा उघडलाय, तिथे लिहूया’ एवढं पुरतं. पुसायचं ते व्यक्तिगत शेरे, जातीवरचं बोलणं, राजकीय फॉरवर्ड. आणि पुसलं की संबंधित माणसाला खासगीत कारण कळवायचं.

गोंधळ कुठून येतो

एक कारण पदांच्या नावांत आहे. ‘स्वयम्’वर ज्याला कोर्स को-ऑर्डिनेटर म्हणतात तो शिकवणारा प्राध्यापक असतो. एनपीटीईएलच्या कॉलेजातल्या लोकल चॅप्टरचा, म्हणजे स्थानिक केंद्राचा, ‘स्पॉक’ (संपर्कासाठी नेमलेली एकच व्यक्ती) करतो ते काम आपण इथे ज्याला समन्वय म्हणतोय ते, आणि मॉडरेटरचं बरंचसं काम शिकवणी साहाय्यकांवर पडतं. झूमवर ‘होस्ट’ म्हणजे बहुधा ज्याच्या नावावर परवाना आहे तो. त्यामुळे पद वाचून काम ओळखता येत नाही.

खरं तर महाराष्ट्रात ही विभागणी नवी नाही. 1989 साली नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रांत केंद्रसंयोजक वेगळा आणि समंत्रक वेगळा. प्रवेश, पुस्तकं, वेळापत्रक संयोजकाकडे. विद्यार्थ्यांबरोबर बसून विषयाची उकल समंत्रकाकडे. समोरासमोरच्या कामात ही रेघ ठेवता येते, तर ऑनलाइन जाताना ती का पुसली जावी?

त्याचं उत्तर दुसऱ्या कारणात आहे: सगळं एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालतं. ‘आज रात्री 12 पर्यंत चाचणी पूर्ण करावी’ ही सूचना आणि पावरी बोलणाऱ्या मुलांचा प्रश्न एकाच ठिकाणी पडतो. सूचनेखाली तीस जण ‘ओके सर’ लिहितात आणि प्रश्न वर सरकून नाहीसा होतो. इथे जागेची फाळणी हाच उपाय. मूडल या ऑनलाइन वर्ग चालवण्याच्या प्रणालीवर ती आधीच केलेली असते: ‘अनाउन्समेंट’ या विभागात फक्त शिकवणारे लिहू शकतात, आणि चर्चेसाठी निराळे विभाग उघडता येतात. त्यातला प्रश्नोत्तराचा प्रकार मला फार आवडतो, कारण स्वतःचं उत्तर लिहिल्याशिवाय इतरांची उत्तरं दिसत नाहीत. ‘मीही सहमत’ची साखळी आपोआप तुटते. व्हॉट्सअ‍ॅपच वापरायचं असेल तर दोन ग्रुप करावेत. सूचनांच्या ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल अशी सेटिंग ठेवावी आणि चर्चेच्या ग्रुपवर एकही सूचना टाकू नये.

ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात काम केलेल्या जिली सॅमन यांनी ऑनलाइन गट कसा घडतो याची पाच पायऱ्यांची मांडणी केली: आत येणं, ओळख होणं, माहितीची देवाणघेवाण, मिळून ज्ञान घडवणं आणि पुढचा स्वतंत्र विकास. आपल्या कामाची गोष्ट अशी की या मांडणीत प्रत्येक पायरीवर दोन कामं शेजारी-शेजारी दाखवली आहेत, एक तांत्रिक साहाय्याचं आणि एक मॉडरेशनचं. पहिल्याच पायरीवर लॉगिन मिळवून देणं हे एक, आणि स्वागत करून धीर देणं हे दुसरं. समन्वयाचं काम संपलं की मॉडरेशन सुरू होतं, अशी ती क्रमवारी नाही.

दोघं कुठे भेटतात

गळणाऱ्या प्रशिक्षणार्थींपाशी. ‘प्रतिसाद नाही’ असा एकच शेरा दोन अगदी वेगळ्या माणसांवर पडतो. एकाने चार दिवसांत लॉगिनच केलेलं नाही. हा समन्वयकाचा माणूस: फोन करायचा, रेंज नाही की पासवर्ड विसरला की घरी आजारपण आहे ते विचारायचं. दुसरा रोज येतो, सगळं वाचतो, लिहीत मात्र काहीच नाही. त्याला ‘तात्काळ पूर्तता करावी’ असा निरोप गेला तर तो ‘छान माहिती’ लिहून मोकळा होईल. हा मॉडरेटरचा माणूस. त्याला खासगीत, त्याच्याच वर्गाबद्दल, सोपा आणि नेमका प्रश्न विचारायचा. मुंबई आयआयटीतल्या सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या शिकणाऱ्याला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या ‘मूक’ (MOOC, म्हणजे सगळ्यांना खुला ऑनलाइन कोर्स) मॉडेलमध्येही चर्चा मोकळी सोडत नाहीत. तिला एक नेमका प्रश्न देतात. ‘आपले विचार मांडा’ असं म्हटलं की विचार येत नाहीत, असा माझाही अनुभव आहे.

म्हणून दोघांनी आठवड्यातून एकदा लॉगिनची यादी आणि चर्चेतली नावं शेजारी ठेवून पाहावीत. अर्ध्या तासाचं काम आहे.

एकाच माणसाला दोन्ही करावं लागणार असेल, आणि तालुक्याच्या पातळीवर बहुधा लागतंच, तर निदान वेळ वेगळी ठेवावी. सूचना आणि तक्रारी कार्यालयीन वेळेत. चर्चा संध्याकाळी, शिक्षक शाळेतून घरी येऊन जेवल्यावर मोबाइल हातात घेतात तेव्हा. त्या तासात याद्या उघडायच्या नाहीत. नाहीतर होतं असं की याद्यांचं काम ओरडून वेळ मागतं, वरून फोन येतात, टक्केवारी विचारली जाते; चर्चेबद्दल मात्र कुणी विचारत नाही, म्हणून ती मागे पडते.

मदतीला एकच माणूस मिळत असेल तर त्याला काय द्यायचं? माझं मत स्पष्ट आहे: समन्वय द्या. चोख, धीराचा, फोनवर गोड बोलणारा माणूस ते उत्तम सांभाळतो, मग तो त्या विषयाचा नसला तरी चालतं. मॉडरेशनला मात्र विषय कळणारा माणूस लागतो. प्रत्यक्षात उलटं घडतं. विषयतज्ज्ञ याद्या जुळवत बसतात आणि चर्चा नवख्या साहाय्यकाकडे जाते, जो घाबरून प्रत्येक नोंदीला ‘धन्यवाद मॅडम’ लिहितो.

आदेश काढणाऱ्यांच्या हातात यातलं बरंच आहे. समन्वयक आणि मॉडरेटर यांची कामं दोन वेगळ्या परिच्छेदांत लिहावीत, मानधन वेगळं दाखवावं, आणि अहवालात पूर्ण केलेल्यांच्या संख्येच्या खाली प्रत्येक आठवड्याच्या चर्चेचा गोषवारा मागावा. गोषवारा मागितला की तो लिहायला माणूस नेमावाच लागतो.