पिवळीचा नकार

गेल्या दसऱ्याच्या सुमाराला मी घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला होता. टाकळ्याच्या शेंड्यावर बसलेली एक ग्रास यलो, म्हणजे पिवळ्या फुलपाखराची मादी, पंख सताड उघडे, पोटाचं टोक सरळ आभाळाकडे, आणि तिच्या डोक्यावर घिरट्या घालणारा पिवळा नर. खाली मी लिहिलं, ‘स्वागताची तयारी’. इथल्या, वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या मामींनी लगेच चार बदाम धाडले. दोनेक महिन्यांनी वाचताना कळलं, की ती बिचारी त्याला हाकलत होती.

पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या कुळात पोट असं उभं धरणं म्हणजे रोखठोक ‘नाही’. नर मादीशेजारी बसतो, आपलं पोट बाजूने वाकवतो आणि तिच्या पोटाच्या टोकापर्यंत पोचायला बघतो. तिने पंख पसरून टोक वर उचललं, की त्याला पोचायला वाटच उरत नाही. असा नकार देणाऱ्या माद्या बहुधा आधीच जुळलेल्या असतात. त्यांना आता अंडी घालायला पान शोधायचं असतं, या पाहुण्यासाठी वेळ नसतो. राजी असलेली मादी उलट पंख मिटून गप्प बसते. फोटोत ती अगदीच निरस दिसते, म्हणून आपण तो फोटो पुसून टाकतो!

तेव्हापासून मी एकट्या फोटोवर विश्वास ठेवत नाही. आधी काय झालं, नंतर काय झालं, हे हाताशी असेल तरच फुलपाखरांचं वागणं कळतं. म्हणून कॅमेरा बर्स्टवर, म्हणजे बटण दाबून धरलं की फोटोमागून फोटो निघतील असा, ठेवायचा आणि मादी उडून गेली तरी बोट लगेच उचलायचं नाही.

दुसरा नेहमीचा घोटाळा म्हणजे एकमेकांभोवती गिरक्या घेत वर वर जाणारी ‘जोडी’. कमाटीबागेत हिरवळीच्या कडेला हे दृश्य हमखास दिसतं आणि लोक कौतुकाने मोबाइल काढतात. ते दोघे बहुतेक वेळा नर असतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ निक डेव्हिस यांनी ऑक्सफर्डजवळच्या जंगलात स्पेकल्ड वुड या फुलपाखराचा अभ्यास करून 1978 साली दाखवलं, की जमिनीवर पडलेल्या उन्हाच्या कवडशावर आधी बसलेला नर नव्या नराला असाच गिरक्या घेत पिटाळून लावतो आणि जिंकतो जवळजवळ नेहमी आधीचाच. ना दात, ना नखं, मग हे भांडण तरी कसलं? एक मत असंही आहे, की समोरचा नर आहे की मादी हेच त्यांना धड ओळखता येत नाही. मला ते पटतं. डच शास्त्रज्ञ निको टिनबर्गन यांनी ग्रेलिंग फुलपाखरांपुढे काठीला बांधलेली कागदी फुलपाखरं नाचवली, तर नर त्यांच्याही मागे लागले. हे नर पक्ष्यांमागे, गळणाऱ्या पानांमागेही धावतात. आधी पाठलाग, चौकशी नंतर.

ही चौकशी पुष्कळदा वासाने होते, आणि वास काही फोटोत येत नाही.

आमच्या सोसायटीच्या भिंतीपलीकडे रिकामा प्लॉट आहे. तिथे रुई माजलीये. शनिवारी मारुतीच्या माळेसाठी लोक पानं खुडून नेतात, उरलेल्या पानांवर प्लेन टायगर या केशरी फुलपाखराच्या अळ्या पोसतात. त्याच प्लॉटवर सप्टेंबरात एक प्लेन टायगर वाळक्या भुरुंडीवर पायांनी खरवडताना दिसला. फूल नाही, मध नाही, नुसता वाळका पाला! तो सोंडेतून थेंब सोडून पाला ओला करत होता आणि तोच रस पुन्हा ओढून घेत होता. मागच्या पंखावर काळा ठिपका, त्याच्या मधोमध पांढरं, म्हणजे नर. तो जेवत नव्हता, अत्तराचा कच्चा माल गोळा करत होता.

भुरुंडी, खुळखुळा अशा झाडांत अल्कलॉइड नावाची कडवट रसायनं असतात. नर त्यांपासून ‘डॅनाइडोन’ नावाचं गंधद्रव्य तयार करतो. त्याच्या पोटाच्या टोकात केसांचे दोन झुपके दडलेले असतात, आणि पंखावरचा तो ठिपका म्हणजे छोटा खिसा. झुपके त्या खिशांत खुपसले, तरच हे द्रव्य नीट तयार होतं. मग उडत्या मादीला गाठून तो वरून ते झुपके फुलवतो आणि तिच्या मिशांवर गंधाची पूड झाडतो. याच घराण्यातल्या अमेरिकेतल्या क्वीन फुलपाखरावर 1960च्या दशकात यावर बारकाईने काम झालं. ज्या नरांना झाडांतलं अल्कलॉइड मिळालं नव्हतं, त्यांना माद्या सहसा भीक घालत नव्हत्या. त्यात मादीचाही हिशेब आहे. क्वीनचा नर मिलनात तेच कडू द्रव्य तिला देतो, ते पुढे अंड्यांत उतरतं आणि अंडी खाऊ पाहणाऱ्यांना नकोशी होतात.

कॅमेऱ्यातून निसटणारी आणखी एक गोष्ट म्हणजे अतिनील प्रकाश. ग्रास यलोच्या नराचे पंख वरून अतिनील किरणांत झळाळतात, तेही ठराविक कोनातच, त्यामुळे पंख फडफडले की लुकलुकतात. माद्यांना जास्त झळाळणारे नर आवडतात. आपल्या कॅमेऱ्यातल्या सेन्सरपुढची काच ते किरण अडवते, म्हणून आपल्याला दोघं सारखेच पिवळे दिसतात.

राहता राहिले ते प्लेन टायगरचे झुपके. ते दिसतात, पण डोळ्याचं पातं लवायच्या आत आत जातात. 100 एमएमची मॅक्रो लेन्स इथे कुचकामी, कारण फार जवळ जावं लागतं. मी लांबून 300 एमएम वापरतो, शटर 1/2500, आणि अंगाची सावली झाडावर पडू देत नाही. नदीकाठच्या गवतात आडवं पडायचा मोह मात्र आवरा. विश्वामित्रीत मगरी आहेत, आणि शहराच्या मधोमध आहेत.

पाच सकाळी फुकट गेल्यावर सहाव्या दिवशी नर मादीच्या वर आला आणि मी बटण दाबून धरलं. बावीस फ्रेम, त्यातल्या एकीत झुपके! दोन बारीक कुंचले, केस न् केस मोजावा असे स्पष्ट, आणि मागेपुढे बाकी सगळा केशरी धुरळा. दोघं भिंतीपलीकडे गेली. आमचे वॉचमनकाका कधीचे माझ्या खांद्यावरून बघत होते. मी स्क्रीन मोठा करून त्यांना कुंचले दाखवले. त्यांनी चष्मा वर केला, नीट निरखलं आणि गुजरातीत म्हणाले, “पण पतंगियुं तो देखातुं नथी.” (पण फुलपाखरू तर दिसतच नाही.)